प्राथमिक शिक्षकांचे दूरस्थ प्रशिक्षण (महाराष्ट्र)

प्राथमिक शिक्षकांचे दूरस्थ प्रशिक्षण म्हणजे अध्यापक विद्यालयात पूर्ण वेळ प्रवेश न घेता, पत्राद्वारे, मुक्त शिक्षणसंस्थेमार्फत किंवा आंतरजालावरून अभ्यासक्रम पूर्ण करून प्राथमिक शिक्षकाची व्यावसायिक अर्हता मिळवण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात या पद्धतीचे दोन ठळक टप्पे आढळतात. पहिला, वस्तीशाळांवर नेमलेल्या स्थानिक निमशिक्षकांना पत्रद्वारा दिलेली डी.एड. पदविका आणि दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने २०१७ ते २०१९ या काळात 'स्वयम्' या संकेतस्थळावरून चालवलेला प्राथमिक शिक्षण पदविका अभ्यासक्रम. दोन्ही योजना आधीच वर्गात शिकवत असलेल्या, परंतु पदविका नसलेल्या व्यक्तींसाठी होत्या. नव्याने शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीला केवळ घरबसल्या, आंतरजालावरून अभ्यास करून इयत्ता पहिली ते पाचवीची शिक्षक होण्याचा मार्ग भारतात उपलब्ध नाही. या विषयातील बहुतेक गैरसमज आणि बरेचसे न्यायालयीन वाद या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने निर्माण झाले आहेत.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर हे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहेत. मुंबई महानगराच्या इतक्या जवळ असूनही येथे विखुरलेल्या वाड्या-पाडे, आश्रमशाळा, एक-दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा आणि अलीकडच्या काळातील छोट्या खाजगी शाळा अशा सर्व प्रकारच्या शाळा एकत्र आढळतात.

पूर्वपीठिका

'ट्रेन्ड' आणि 'अनट्रेन्ड' हा भेद मराठी मुलखात नवा नाही. मुंबई इलाख्यात व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी उत्तीर्ण झालेली व्यक्ती प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू होऊ शकत असे. पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाऊन प्रशिक्षण पूर्ण केले की वेतन व दर्जा वाढे. म्हणजे आधी नोकरी आणि नंतर प्रशिक्षण हा क्रम जुन्या पिढीला परिचित होता. खेड्यातील जुन्या मास्तरांच्या कथनांत 'ट्रेनिंगला गेलो तेव्हा' हा काळाचा टप्पा म्हणून येतो, तो यामुळेच.

स्वातंत्र्योत्तर काळात हा क्रम हळूहळू उलटला. आधी पदविका व नंतर नेमणूक हा नियम रूढ झाला. तथापि दुर्गम भागात जाण्यास प्रशिक्षित शिक्षक तयार नसत आणि गेले तरी टिकत नसत, ही अडचण कायम राहिली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी स्थानिक कार्यकर्त्यांना प्रत्यक्ष काम करता करता घडवण्याची पद्धत वापरली. तो प्रयोग मुख्यतः बालशिक्षणाचा होता आणि त्यातून प्राथमिक शिक्षकाची सरकारी अर्हता मिळत नव्हती. तरीही शिक्षक पाड्यातलाच असावा आणि त्याचे शिक्षण पाड्यावरच व्हावे, ही कल्पना याच जिल्ह्यात पूर्वी रुजली होती, हे नोंदवण्यासारखे आहे.

वस्तीशाळा आणि पत्रद्वारा पदविका

सन २००० नंतर महाराष्ट्र शासनाने, जेथे जवळ शाळा नाही अशा वाड्या-वस्त्यांवर वस्तीशाळा सुरू केल्या. त्यांवर स्थानिक, बहुधा दहावी किंवा बारावी उत्तीर्ण तरुण-तरुणींना अल्प मानधनावर नेमण्यात आले. त्यांना प्रथम स्वयंसेवक व नंतर निमशिक्षक म्हटले जाई. शाळेला अनेक ठिकाणी इमारत नसे. समाजमंदिर, एखाद्याची पडवी किंवा झाडाची सावली यांवर काम भागत असे. ठाकूर, कातकरी व महादेव कोळी वस्ती असलेल्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागात अशा शाळांचा उपयोग विशेष होता, कारण पावसाळ्यात ओढे भरले की लहान मुलांना मोठ्या गावातील शाळेत पोहोचणेच शक्य नसे.

निमशिक्षकाची जमेची बाजू त्याच्या भाषेत होती. पहिलीत येणारे मूल घरी ठाकरी किंवा कातकरी बोली बोलते, तर पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत असते. बाहेरून आलेल्या पदविकाधारक शिक्षकाला मुलाचे उत्तर चुकले की त्याची बोली वेगळी आहे, हे समजण्यासच काही महिने जातात. वाडीतल्या निमशिक्षकाला हा प्रश्न पडत नसे. त्याच्याकडे उणीव होती ती अध्यापनशास्त्राची: वाचन कोणत्या क्रमाने शिकवावे, हातच्याची बेरीज कोणत्या साधनाने समजावावी, चार इयत्ता एका खोलीत असताना वेळापत्रक कसे आखावे.

ही उणीव भरून काढण्यासाठी निमशिक्षकांना सेवेत असतानाच पत्रद्वारा डी.एड. करण्याची संधी देण्यात आली. घरी स्वयंअध्ययन, सुट्ट्यांमध्ये संपर्क वर्ग, स्वतःच्याच शाळेत पाठ आणि शेवटी परीक्षा असे तिचे स्वरूप होते. शिक्षण हक्क अधिनियम लागू झाल्यानंतर वस्तीशाळांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले आणि मार्च २०१४ मध्ये अर्हता पूर्ण केलेल्या निमशिक्षकांना नियमित प्राथमिक शिक्षक म्हणून सामावून घेण्यात आले.

महाराष्ट्रात दूरस्थ प्रशिक्षणातून कायम नोकरीपर्यंत पोहोचलेला हा सर्वांत मोठा गट म्हणता येईल. मात्र त्यातही एक तिढा उरला. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. वस्तीशाळेवर २००१ पासून शिकवणाऱ्या व्यक्तीची सेवा २०१४ पासून मोजली, तर तिची सुरुवातीची सर्व वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून बाहेर पडतात. मूळ नेमणुकीपासून सेवा धरावी, ही या शिक्षकांची मागणी त्यामुळेच आहे. दूरस्थ पदविकेने अर्हतेचा प्रश्न सोडवला, परंतु सेवेच्या तारखेचा प्रश्न तिने सोडवला नाही. पुढील योजनेतही नेमका तारखेचाच प्रश्न उभा राहिला.

शिक्षण हक्क अधिनियम आणि मुदत

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान अर्हता ठरवण्याचा अधिकार केंद्र शासनाने नेमलेल्या संस्थेला, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला मिळाला. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढून पहिली ते पाचवीसाठी बारावीला किमान ५० टक्के गुण, दोन वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा अशी अर्हता निश्चित केली. सेवेत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना अर्हता मिळवण्यासाठी पाच वर्षे, म्हणजे ३१ मार्च २०१५ पर्यंत अवधी होता.

तो अवधी संपला तरी देशभरात लाखो शिक्षक अप्रशिक्षितच होते. बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, झारखंड, आसाम या राज्यांत सरकारी शाळांतील कंत्राटी शिक्षकांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणून संसदेने २०१७ मध्ये अधिनियमात दुरुस्ती केली. ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या, परंतु अर्हता नसलेल्या शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत ती मिळवण्याची अखेरची संधी देण्यात आली. ही दुरुस्ती १० ऑगस्ट २०१७ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्राचे चित्र थोडे निराळे होते. येथे २००० नंतरच्या दशकात खाजगी डी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले होते आणि पदविकाधारकांची कमतरता नव्हती. उलट मे २०१२ पासून शासनाने शिक्षकभरतीवर निर्बंध आणल्यावर हजारो पदविकाधारक बेरोजगार राहिले आणि पाठोपाठ अनेक अध्यापक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. त्यामुळे जिल्हा परिषद शाळांत अप्रशिक्षित शिक्षक फारसे नव्हते. ते होते मुख्यतः विनाअनुदानित खाजगी शाळांत, विशेषतः तालुक्याच्या व बाजाराच्या गावी निघालेल्या छोट्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. एकीकडे पदविका घेऊन घरी बसलेले तरुण आणि दुसरीकडे पदविका नसताना वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिका, ही विसंगती वेतनामुळे निर्माण झाली होती. या शाळा जे वेतन देत, त्यावर गावातच राहणारी, बहुधा बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली विवाहित स्त्रीच काम करण्यास तयार होई.

'स्वयम्'वरील पदविका

वाढीव मुदतीत हे काम पूर्ण करण्याची जबाबदारी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे सोपवण्यात आली. ही संस्था एनआयओएस या आद्याक्षरांनी अधिक परिचित असून तिचे मुख्यालय नोएडा येथे व महाराष्ट्रासाठीचे विभागीय केंद्र पुणे येथे आहे. नियमित पदविका दोन वर्षांची असते, परंतु ऑक्टोबर २०१७ ते मार्च २०१९ या काळात अठरा महिनेच उरले होते. अभ्यासक्रमही तेवढाच आखला गेला. देशभरातून बारा लाखांहून अधिक शिक्षकांनी त्यात नाव नोंदवले. शिक्षक प्रशिक्षणाचा एवढा मोठा आंतरजालीय कार्यक्रम भारतात त्यापूर्वी झाला नव्हता.

नोंदणीसाठी उमेदवार ज्या शाळेत शिकवतो तिचा यू-डायस क्रमांक आणि मुख्याध्यापकाची पडताळणी आवश्यक होती. बारावीला ५० टक्के, आणि राखीव प्रवर्गांसाठी ४५ टक्के गुणांची अट होती. ज्यांचे गुण कमी होते त्यांना पदविकेच्या बरोबरीने बारावीचे विषय पुन्हा देऊन गुण सुधारावे लागत. पस्तिशी-चाळिशीतील शिक्षिका दिवसा चौथीला परिसर अभ्यास शिकवते आणि रात्री बारावीच्या परीक्षेची तयारी करते, असा प्रसंग त्यामुळे अनेक घरांत आला.

अभ्यासाची रचना चार भागांची होती: ध्वनिचित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाची प्रश्नावली आणि शंका विचारण्यासाठी चर्चामंच. एकूण दहा लेखी विषय होते व त्यांना ५०१ ते ५१० असे क्रमांक होते. भारतातील प्राथमिक शिक्षणाचा सामाजिक-सांस्कृतिक संदर्भ, अध्यापनप्रक्रिया, भाषा, गणित, परिसर अभ्यास, समावेशक वर्गातील बालक, समाज व प्राथमिक शिक्षण, कला-आरोग्य-कार्यशिक्षण आणि उच्च प्राथमिक स्तरासाठी सामाजिक शास्त्र व विज्ञान असा त्यांचा आवाका होता. त्याशिवाय स्वाध्याय, शाळेतील उपक्रम, कार्यशाळा व सराव पाठ यांनाही गुण होते. अभ्यासकेंद्रावरील संपर्क वर्ग शनिवार-रविवार व सुट्टीच्या दिवशी भरत. म्हणजे 'ऑनलाइन' असे म्हटले जात असले, तरी परीक्षा, कार्यशाळा व संपर्क वर्ग यांसाठी प्रत्यक्ष हजर राहावेच लागे.

ज्यांच्याकडे पुरेसे आंतरजाल नव्हते त्यांच्यासाठी 'स्वयम् प्रभा' या दूरचित्रवाणी वाहिन्यांपैकी ३२ क्रमांकाची वाहिनी शिक्षक प्रशिक्षणाला वाहिलेली होती. घरावर तबकडी असली की व्याख्याने दूरचित्रवाणीवर पाहता येत. डोंगराआडच्या गावांत हीच सोय अधिक भरवशाची होती. मात्र दूरचित्रवाणीवरील व्याख्यान पाहून संकेतस्थळावर उपस्थितीची नोंद होत नाही, आणि स्वाध्यायाची कामे व सूचना संकेतस्थळावरच येत. त्यामुळे भ्रमणध्वनीला 'रेंज' मिळेल अशा जागी जाणे हा अभ्यासाचाच एक भाग होऊन बसला.

मुरबाड व शहापूर तालुके

टोकावडे हे मुरबाड तालुक्यातील गाव कल्याण–मुरबाड–माळशेज घाट या राष्ट्रीय महामार्गावर, सरळगावच्या पुढे घाटाच्या दिशेने आहे. आसपासच्या वाड्यांसाठी ते बाजाराचे व पोलीस ठाण्याचे ठिकाण आहे. मुरबाड तालुक्यात रेल्वे पोहोचलेली नाही. प्रवास एस.टी. बस, सहाआसनी वाहने किंवा दुचाकी यांवर अवलंबून असतो. शहापूर तालुक्यात मध्य रेल्वेची आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्थानके आहेत, परंतु डोळखांब, किन्हवली यांसारखी गावे रेल्वेपासून बरीच आत आहेत. शहापूर तालुका पूर्णतः व मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचे प्रशासन शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून पाहिले जाते.

ठाणे जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच डाएट, अंबरनाथ तालुक्यातील बदलापूरजवळ राहटोली येथे आहे. टोकावड्याच्या बाजूच्या एखाद्या वाडीतील मुलीला नियमित पदविका करायची असेल, तर तिला दोन वर्षे रोजचा लांबचा प्रवास किंवा बाहेरगावी राहणे यांपैकी एक पत्करावे लागते. शिकवण्याचा पगार थांबतो तो वेगळाच. दूरस्थ मार्गाचे आकर्षण येथे प्रथम अंतराचे व मग खर्चाचे आहे. परीक्षा सोपी असते हा समज दुय्यम आहे.

अभ्यासक्रमातील काही भाग येथील परिस्थितीला थेट लागू पडतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. मधल्या काळात मुलांची हजेरी तुटते. 'समाज व प्राथमिक शिक्षण' या विषयातील पालकसंपर्क, शाळा व्यवस्थापन समिती आणि शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण हे घटक अशा गावातील शिक्षकासाठी पुस्तकी राहत नाहीत. बहुवर्ग अध्यापनाचा घटकही तसाच आहे. शहरातील अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी सराव पाठ एकेका इयत्तेच्या भरलेल्या वर्गावर घेतात. येथे पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसलेली असतात आणि शिक्षकाला एका गटाशी बोलताना तीन गटांना काम द्यावे लागते. स्वतःच्या वर्गावर सराव करण्याची मुभा हा दूरस्थ पद्धतीचा खरा लाभ होता. त्याची दुसरी बाजू अशी, की चुकत असलेल्या पद्धती दाखवून देणारा अनुभवी मार्गदर्शक रोज मागे बसलेला नसे.

वैधतेचा वाद

अभ्यासक्रम संपताच प्रश्न उभा राहिला: ही पदविका फक्त असलेली नोकरी टिकवण्यासाठी आहे, की तिच्या आधारे नव्या भरतीत अर्ज करता येतो? सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बिहार शासनाला कळवले, की अठरा महिन्यांची पदविका नव्या नियुक्तीसाठी ग्राह्य नाही. जानेवारी २०२० मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने ही भूमिका फेटाळली. पदविकाधारकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि अनेक राज्यांत अर्ज केले.

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जयवीर सिंह विरुद्ध उत्तराखंड राज्य या प्रकरणात वेगळा निर्णय दिला. अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या समकक्ष नाही आणि ती योजना सेवेतील शिक्षकांसाठी एकवेळची सवलत होती, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर १० डिसेंबर २०२४ च्या आदेशात न्यायालयाने स्पष्टीकरण केले: जे शिक्षक १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत होते आणि ज्यांनी १ एप्रिल २०१९ पूर्वी ही पदविका पूर्ण केली, त्यांची अर्हता वैध मानली जाईल व ते अन्य संस्थांत अर्ज करण्यास किंवा पदोन्नतीस पात्र असतील. एप्रिल २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात हीच भूमिका पुन्हा मांडण्यात आली.

या निर्णयांचा व्यावहारिक अर्थ असा, की पदविकेचे मूल्य आता गुणपत्रिकेइतकेच सेवेच्या पुराव्यावर अवलंबून आहे. एकाच केंद्रावर शेजारी बसून परीक्षा दिलेल्या दोन शिक्षिकांपैकी एकीची पदविका भरतीत चालेल आणि दुसरीची चालणार नाही, असे होऊ शकते. छोट्या खाजगी शाळांत नेमणुकीचा आदेश बऱ्याचदा लेखी नसतो, वेतन रोख दिले जाते आणि हजेरीपट जुना झाला की शोधावा लागतो. ज्यांनी नेमणूकपत्र, वेतनपत्रक, बँकेतील नोंदी आणि यू-डायसमधील शिक्षक नोंद जपून ठेवली, त्यांना १० ऑगस्ट २०१७ या तारखेला आपण सेवेत होतो हे सिद्ध करता येते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे शिकवलेल्या, पण कागद न जपलेल्या शिक्षिकेची स्थिती केवळ कागदोपत्री शिक्षक म्हणून नोंदवलेल्या व्यक्तीपेक्षा दुबळी ठरू शकते. योजनेच्या आखणीतील हा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

पदविकेनंतरचे टप्पे

दूरस्थ असो वा नियमित, पदविका मिळाल्याने नेमणूक मिळत नाही. महाराष्ट्रात १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक झाली व पहिली परीक्षा १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली ते पाचवीसाठीचा पेपर १५० गुणांचा असून बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के व राखीव प्रवर्गांना ५५ टक्के गुण लागतात. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये रद्द होऊन ते आजीवन झाले. त्याच वर्षी उघड झालेल्या परीक्षेतील गैरव्यवहारानंतर सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ही २०० गुणांची चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम झाली, पुढे २०२३ व २०२५ मध्ये घेण्यात आली. तिच्या गुणांवर 'पवित्र' या संकेतस्थळामार्फत निवड होते. निवड झालेला उमेदवार प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ६,००० रुपये होते, ते १ जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये झाले.

सेवेतील शिक्षकांसमोरही नवा प्रश्न उभा आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातील एका संस्थेच्या याचिकेसह अन्य प्रकरणांवर निर्णय देताना, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सर्व सेवारत शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्यात आला. वस्तीशाळेपासून सुरुवात करून पत्रद्वारा पदविका मिळवलेल्या अनेक शिक्षकांना त्यामुळे सेवेच्या उत्तरार्धात पुन्हा परीक्षेला बसावे लागणार आहे.

चुकीचे समज व बनावट जाहिराती

'घरबसल्या डी.एड.' अशा जाहिराती अधूनमधून भिंतींवर व भ्रमणध्वनीवर दिसतात. अध्यापक शिक्षणाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असावी लागते. महाराष्ट्रातील संस्थांची मान्यता तिच्या पश्चिम विभागीय समितीच्या यादीत पाहता येते. मान्यता नसलेल्या संस्थेची पदविका शासकीय किंवा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी चालत नाही, मग तिच्यावर कितीही शिक्के असोत.

दुसरा गैरसमज 'दीक्षा' आणि 'निष्ठा' यांविषयी आहे. 'दीक्षा' हे संकेतस्थळ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. 'निष्ठा' हा ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेला सेवांतर्गत प्रशिक्षणाचा कार्यक्रम असून ऑक्टोबर २०२० पासून तो 'दीक्षा'वर आंतरजालाद्वारे दिला जाऊ लागला. त्यातून मिळणारे प्रमाणपत्र प्रशिक्षण पूर्ण केल्याचे असते, अर्हतेचे नसते. बालवाडी, मॉन्टेसरी किंवा पूर्वप्राथमिक शिक्षणाची प्रमाणपत्रेही इयत्ता पहिलीच्या शिक्षकपदासाठी पदविकेची जागा घेत नाहीत. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची दूरस्थ बी.एड. ही पदवी सेवेतील प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे, नवशिक्यांसाठी नाही.

बी.एड. पदवीबाबतही सावध राहावे लागते. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने आधी झालेल्या नियुक्त्यांना संरक्षण दिले व अशा शिक्षकांसाठी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम सुचवला. त्याला २०२५ मध्ये मान्यता मिळून तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे सोपवण्यात आला. हाही दूरस्थ अभ्यासक्रमच आहे आणि तोही फक्त आधी नेमणूक झालेल्यांसाठी आहे.

सद्यस्थिती

बारावीनंतर प्राथमिक शिक्षक होण्यासाठी आज नियमित, दोन वर्षांची पदविका हा महाराष्ट्रातील प्रचलित मार्ग आहे. तिचे प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत केंद्रीय पद्धतीने होतात. प्रवेशअर्ज आंतरजालावरून भरायचा असतो, अभ्यासक्रम मात्र विद्यालयात जाऊनच पूर्ण करावा लागतो. परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत दूरस्थ पद्धतीच्या पदविकेचे स्वतंत्र निकष आहेत, परंतु तेही मान्यताप्राप्त शाळेत काम करणाऱ्या शिक्षकांपुरते मर्यादित आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावी, असे उद्दिष्ट आहे. त्याच धोरणात, मान्यताप्राप्त बहुशाखीय विद्यापीठे दर्जेदार बी.एड. अभ्यासक्रम मिश्र किंवा दूरस्थ पद्धतीने चालवू शकतील आणि ते सेवेतील शिक्षकांबरोबरच दुर्गम भागांतील विद्यार्थ्यांनाही खुले असतील, असे नमूद केले आहे. सेवेत नसलेल्या, परंतु महाविद्यालयापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा शिक्षक प्रशिक्षणाच्या दूरस्थ मार्गासंदर्भात केलेला हा उल्लेख आतापर्यंतच्या योजनांत नव्हता.